एचआयव्ही, नशा आणि लैंगिक अल्पसंख्याक : बडोद्यात आरोग्य-संशोधन कसे करावे

गुजरातमध्ये दारूबंदी आहे. त्यामुळे बडोद्यातील एखाद्या माणसाला 'गेल्या महिन्यात आपण किती वेळा दारू घेतली' असे विचारणे म्हणजे, आपल्या मनात तसे काही नसले तरी, परवान्याशिवाय मद्यपान केल्याची कबुली त्याच्याकडे मागणे होय. त्याच बैठकीत तो कोणाशी शरीरसंबंध ठेवतो, कंडोम वापरतो का आणि एचआयव्हीची तपासणी त्याने केली आहे का, हेही आपण विचारणार असू, तर तासाभरात त्याने आपल्या हाती सोपवलेली माहिती त्याची नोकरी, भाड्याचे घर, ठरत आलेले लग्न आणि आईवडिलांशी असलेले नाते यांपैकी काहीही मोडून टाकू शकते. समाजकार्य, सार्वजनिक आरोग्य, मानसशास्त्र किंवा परिचर्या या शाखांतील जे विद्यार्थी या विषयावर प्रबंध लिहू इच्छितात, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. त्यातील बहुतेक सूचना एकाच नियमातून निघतात : जे आपल्याला जपता येणार नाही, ते विचारू नये.

संशोधनाचा प्रश्न ठरवताना

या विषयाची गरज आकड्यांवरून स्पष्ट होते. २०२१ च्या राष्ट्रीय अंदाजानुसार भारतातील प्रौढांमध्ये एचआयव्हीचे प्रमाण सुमारे ०.२१ टक्के होते. त्याच वर्षीच्या निरीक्षण-सर्वेक्षणात पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या पुरुषांमध्ये ते ३.२६ टक्के, हिजडा व पारलिंगी (ट्रान्सजेंडर) व्यक्तींमध्ये ३.७८ टक्के आणि सुईने अमली पदार्थ घेणाऱ्यांमध्ये ९.०३ टक्के आढळले. मात्र हे आकडे उद्धृत करताना ते कोठून आले याचे भान ठेवावे. निरीक्षण-सर्वेक्षणातील नमुने मुख्यतः प्रतिबंध-प्रकल्पांच्या संपर्कात आलेल्या लोकांमधून घेतले जातात. जो विवाहित कारकून फक्त मोबाइलवरील अ‍ॅपवरून भेटी ठरवतो आणि कोणत्याही संस्थेच्या दारात पाऊल ठेवत नाही, तो या आकड्यांत जवळपास नसतोच. नव्या संशोधनाला वाव आहे तो याच ठिकाणी.

'हे लोक इतकी नशा का करतात' अशा दिशेने जाणारा प्रश्न पहिल्याच मसुद्यात खोडून टाकावा. इलन मायर यांनी २००३ मध्ये मांडलेली अल्पसंख्याक-ताणाची मीमांसा येथे उपयोगी पडते. भेदभावाचे प्रत्यक्ष अनुभव, ते पुन्हा येतील ही सततची धास्ती, स्वतःला लपवत राहण्याचे कष्ट आणि समाजाची घृणा स्वतःच्याच मनात मुरणे, या सर्वांचा आरोग्यावर जो भार पडतो तो त्या व्यक्तीच्या ओळखीमुळे नव्हे, तर त्या ओळखीला मिळणाऱ्या वागणुकीमुळे पडतो, असे ती सांगते. मेरिल सिंगर यांनी १९९० च्या दशकात मांडलेली 'सिंडेमिक' ही कल्पनाही वाचावी : हिंसा, नशा आणि एचआयव्ही एकाच वस्तीत नुसते शेजारी राहत नाहीत, तर एकमेकांना बळ देतात. दारूच्या अमलाखाली कंडोमचा आग्रह सुटतो, रोजच्या औषधांची वेळ चुकते, तपासणी पुढे ढकलली जाते. आणि बाधा झाल्याचे कळल्यावर ते कोणाला सांगता येत नाही म्हणून पुन्हा दारूच जवळची वाटते. यांपैकी नेमका कोणता दुवा आपण तपासणार, हे एका वाक्यात लिहिता आले पाहिजे. उदाहरणार्थ, 'बडोदे शहरातील पुरुषांशी शरीरसंबंध ठेवणाऱ्या १८ ते ३५ वयोगटातील पुरुषांमध्ये मद्यपानाची पद्धत आणि गेल्या बारा महिन्यांत एचआयव्हीची तपासणी केलेली असणे यांचा संबंध' हा विद्यार्थ्याच्या आवाक्यातील प्रश्न आहे.

पारलिंगी स्त्रियांना पुरुषांच्या गटात ढकलू नये. पूर्वीच्या बऱ्याच संशोधनात तसे झाले असून त्यामुळे त्यांचे वेगळे प्रश्न आकड्यांत विरून गेले. पारलिंगी पुरुष आणि स्त्रियांवर प्रेम करणाऱ्या स्त्रिया यांच्यातील नशेविषयी आपल्याकडे फारच थोडे लिहिले गेले आहे. एचआयव्हीचे प्रमाण कमी म्हणून त्यांच्याकडे पाहायचे नाही, ही सवय मोडायला हवी.

आधी त्या समाजाकडे जावे

प्रश्नावली छापून झाल्यावर संस्थेकडे 'माणसे मिळवून द्या' म्हणत जाणे अनुचित आहे. बडोद्यात या कामाची परंपरा आहे : राजपीपळ्याचे मानवेंद्रसिंह गोहिल यांनी २००० मध्ये स्थापन केलेल्या लक्ष्य ट्रस्टने येथूनच समलिंगी पुरुषांमधील एचआयव्ही-प्रतिबंधाचे काम उभे केले. गुजरात राज्य एड्स नियंत्रण संस्थेच्या अर्थसाहाय्याने चालणारे प्रतिबंध-प्रकल्पही आहेत. तेथील क्षेत्रीय कार्यकर्त्यांना प्रश्न ठरण्यापूर्वी भेटावे, त्यांचे म्हणणे टिपून घ्यावे आणि त्यांतील काहींना सल्लागार गटात घ्यावे. त्यांच्या वेळेचे मानधन अंदाजपत्रकात धरावे. संशोधकाला पदवी मिळते आणि रात्री उशिरापर्यंत त्याच्याबरोबर फिरणाऱ्या कार्यकर्त्याला चहा मिळतो, हा प्रकार मला मान्य नाही.

हिजडा समाजात काम करायचे असेल तर गुरूंची भेट प्रथम घ्यावी लागते आणि ती सन्मानाने घ्यावी. पण येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात ठेवावी : गुरूची परवानगी म्हणजे चेल्याची संमती नव्हे. गुरूने 'सगळ्या बोलतील' असे सांगितले, तरी प्रत्येकीला एकांतात, नकार देण्याची पूर्ण मोकळीक देऊन, स्वतंत्रपणे विचारले पाहिजे आणि कोणी नकार दिला हे गुरूला कळता कामा नये. वेळापत्रकाचेही भान हवे. चैत्री पौर्णिमेच्या सुमारास बेचराजीला बहुचरामातेची मोठी यात्रा भरते आणि समाजातील अनेक जणी तिकडे जातात. त्या दिवसांत मुलाखती ठेवू नयेत.

नीतिसमिती, संमती आणि कायदा

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची राष्ट्रीय नैतिक मार्गदर्शक तत्त्वे हा या कामाचा आधारग्रंथ समजावा. लैंगिक अल्पसंख्याकांना त्यात असुरक्षित गटांमध्ये धरले आहे, म्हणजेच त्यांच्यावरील संशोधनात संरक्षणाच्या अधिक तरतुदी दाखवाव्या लागतात. त्याबरोबर २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा वाचावा. तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्याच्या पाचव्या कलमानुसार माहितीपूर्ण संमतीशिवाय एचआयव्हीची तपासणी करता येत नाही आणि बाधित व्यक्तीला संशोधनातही ओढता येत नाही. आठवे कलम तिची स्थिती उघड करण्यास मनाई करते, तर अकरावे कलम नोंदी ठेवणाऱ्या आस्थापनेवर माहितीच्या संरक्षणाची जबाबदारी टाकते. ६ सप्टेंबर २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्हा राहिलेले नाहीत. पण गुन्हा नसणे आणि घरात सांगता येणे यांत मोठे अंतर आहे, आणि आपला सहभागी त्या अंतरात जगत असतो.

दारूबंदीचा कायदा मात्र १९४९ पासून चालत आला आहे आणि १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा किंवा एमडी (मेफेड्रोन) यांचे सेवनही दंडनीय आहे. अमेरिकेत संशोधकाला गोपनीयतेचे प्रमाणपत्र मिळते आणि त्यामुळे न्यायालयातही सहभागीची ओळख देण्यास तो नकार देऊ शकतो. आपल्याकडे असे कवच नाही. म्हणून संमतीपत्रकात 'आपली माहिती कोणत्याही परिस्थितीत कोणालाही दिली जाणार नाही' असे वचन देणे खोटेपणाचे ठरते. खरा उपाय असा की आपल्याकडे देण्याजोगे काही राहूच नये : नाव नाही, पत्ता नाही, जन्मतारीख नाही, केवळ वय आणि एक क्रमांक.

येथे एक अडचण येते, ती म्हणजे खुद्द संमतीपत्रकाची. सहीचे संमतीपत्रक हा बहुधा संपूर्ण अभ्यासातील एकमेव कागद असतो ज्यावर सहभागीचे नाव असते. अशा वेळी लेखी सहीऐवजी तोंडी संमती घेण्याची परवानगी नीतिसमितीकडे कारणांसह मागावी. राष्ट्रीय तत्त्वांमध्ये समितीच्या मंजुरीने तशी सोय आहे. पत्रक वाचून दाखवावे, त्याची प्रत देऊ करावी, पण ती घरी नेण्याचा आग्रह धरू नये. एचआयव्ही हा शब्द छापलेला कागद शर्टाच्या खिशात सापडणे हे अनेकांना मुलाखतीपेक्षाही महागात पडते.

अभ्यास १८ वर्षे पूर्ण झालेल्यांपुरताच ठेवावा आणि वयाची खात्री संबंधांविषयीचा एकही प्रश्न विचारण्यापूर्वी करावी. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार अल्पवयीन व्यक्तीवरील लैंगिक अपराधाची माहिती मिळाल्यास ती पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. लहानपणच्या अत्याचाराविषयी विचारायचे असेल, तर ही बाब सहभागीला आधीच स्पष्ट सांगावी आणि समितीशी तिची सविस्तर चर्चा करून ठेवावी.

ही सगळी काळजी अतिरेकी वाटत असेल, तर लॉड हम्फ्रीज या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाचे प्रकरण वाचावे. १९६० च्या दशकात त्याने सार्वजनिक स्वच्छतागृहांत भेटणाऱ्या पुरुषांचे निरीक्षण केले, त्यांच्या मोटारींचे क्रमांक टिपले, त्यांवरून पत्ते मिळवले आणि सुमारे वर्षभराने वेशांतर करून, आरोग्य-सर्वेक्षणाचा मुलाखतकार म्हणून तो त्यांच्या घरी गेला. त्याचे निष्कर्ष त्या पुरुषांविषयीचे गैरसमज दूर करणारे होते. तरीही त्या माणसांना न विचारता त्यांच्या दारापर्यंत जाण्याचा अधिकार त्याला कोणी दिला होता, या प्रश्नाचे उत्तर निष्कर्षांच्या मोलाने देता येत नाही.

मुलाखत कोणी, कोठे आणि कोणत्या भाषेत घ्यावी

बडोद्यातील मराठी समाजात काम करणाऱ्याने या भागाकडे सर्वाधिक लक्ष द्यावे. दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा या भागांतील जुनी मराठी घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांना ओळखतात. दोन मराठी माणसे भेटली की आडनाव, मूळ गाव, 'अमक्यांचे आपण कोण' हे विचारणे आपल्याकडे सौजन्याचे लक्षण मानले जाते आणि तिसऱ्या वाक्याला कोणाची तरी मावशी निघते. मुलाखतीत हेच सौजन्य घातक आहे. नाते निघाले की समोरचा माणूस बोलत राहतो, पण खरे बोलणे थांबते. म्हणून मुलाखतकारांना प्रशिक्षण देताना आडनाव व गाव न विचारण्याचा सराव करून घ्यावा, स्वतःचेही पहिले नावच सांगावे, आणि सहभागी ओळखीचा निघाल्यास मुलाखत तत्काळ दुसऱ्या सहकाऱ्याकडे सोपवावी. शक्य असल्यास मुलाखतकार शहराच्या दुसऱ्या भागातील असावा.

भाषा सहभागीने निवडावी. तो मराठी आहे म्हणून मराठीतच बोलेल असे धरून चालू नये. घरची भाषा ही आईवडिलांची, देवघराची भाषा असते. शरीराविषयी आणि नशेविषयी तीत बोलताना ज्याची जीभ अडखळते, तो गुजरातीत किंवा हिंदीत सहज बोलून जातो. यासाठी प्रश्नावली तिन्ही भाषांत सिद्ध ठेवावी, प्रत्येक भाषांतराचे दुसऱ्या व्यक्तीकडून उलट भाषांतर करून घ्यावे आणि नंतर समाजातील चार-पाच जणांपुढे ती वाचून 'हा प्रश्न ऐकून आपल्या मनात काय आले' असे विचारावे.

जागेच्या बाबतीत विद्यापीठातील विभागाची खोली शांत असली तरी तेथे जाताना कोण पाहील ही भीती असते. उपाहारगृहात शेजारचे टेबल कान देते आणि सहभागीच्या घरी जाणे तर टाळावेच. मला सर्वांत योग्य वाटते ती अशी इमारत जेथे दवाखाना, शिकवणी, विम्याचे कार्यालय अशी अनेक कामे चालतात, कारण तेथे शिरणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही. फार नाजूक प्रश्नांसाठी टॅबवर ध्वनिमुद्रित प्रश्न ऐकून स्वतःच उत्तर नोंदवण्याची पद्धत वापरावी. मुलाखतकाराच्या तोंडावरची रेषाही मग उत्तरावर परिणाम करत नाही.

काय आणि कसे विचारावे

मद्यपानासाठी जागतिक आरोग्य संघटनेची 'ऑडिट' ही दहा प्रश्नांची चाचणी वापरावी. तिचे गुण ० ते ४० असतात आणि ८ किंवा अधिक गुण धोकादायक मद्यपान दर्शवतात. मात्र ती 'प्रमाणित पेल्या'च्या हिशेबावर उभी आहे. येथे चोरून मिळणाऱ्या पोटलीतील देशी दारूची तीव्रता कोणालाच ठाऊक नसते, आणि विदेशी दारूची क्वार्टर चौघांत वाटली जाते. त्यामुळे १८० मिलिलिटरची बाटली, छोटा ग्लास, पोटली यांची चित्रे दाखवून उत्तर घ्यावे, रूपांतराचा नियम आधी लिहून ठेवावा आणि त्यातील अनिश्चितता प्रबंधात मान्य करावी. गांजा, एमडी, झोपेच्या गोळ्या, खोकल्याचे औषध, व्हाइटनर यांसाठी त्याच संघटनेची 'असिस्ट' ही आठ प्रश्नांची चाचणी आहे. पदार्थ कोठून आणला, कोणी दिला, हे कधीही विचारू नये. आरोग्य-संशोधनाला त्याची गरज नसते आणि पोलिसांना ते फार उपयोगी असते.

शरीरसंबंधांविषयी विचारताना ओळख आणि कृती वेगळ्या ठेवाव्यात. पुरुषांशी संबंध ठेवणारे अनेक पुरुष स्वतःला समलिंगी म्हणवत नाहीत, कोणी स्वतःला कोती (स्त्रीसुलभ वागणारा पुरुष) म्हणवतो, कोणी काहीच म्हणवत नाही. लिंगभाव दोन प्रश्नांत विचारावा : जन्माच्या वेळी कोणते लिंग नोंदवले गेले आणि आज आपण स्वतःला काय मानता. नशा आणि संबंध यांचा दुवा तपासायचा असेल तर 'सहसा' असे न विचारता शेवटच्या एका भेटीविषयी विचारावे. त्या वेळी दारू होती का, कंडोम होता का, नकार देणे शक्य होते का. माणसाला आपली सरासरी आठवत नाही, प्रसंग आठवतो.

सहभागी मिळवण्यासाठी डग्लस हेकाथॉर्न यांनी १९९७ मध्ये मांडलेली ओळखीच्या साखळीची पद्धत या लपलेल्या समाजात चांगली चालते. काही निवडक व्यक्तींपासून प्रारंभ करून प्रत्येकाला ठरावीक कूपने दिली जातात आणि तो आपल्या ओळखीच्यांना ती देतो. प्रत्येकाला 'या शहरात आपल्या ओळखीचे असे किती जण आहेत' हे विचारावेच लागते, कारण पुढील सांख्यिकी भारांकन, म्हणजे कोणाच्या उत्तराला किती वजन द्यायचे हे, त्यावरच अवलंबून असते. कूपनावर फक्त 'आरोग्य अभ्यास' आणि क्रमांक छापावा. प्रवासखर्च व वेळेचा मोबदला द्यावा, पण तो इतका नसावा की गरजूला नकार देणे अशक्य व्हावे.

मुलाखतीत दुःख किंवा आजार पुढे आल्यास

केवळ पत्ता लिहिलेली चिठ्ठी हातात देणे पुरेसे नाही. सयाजी रुग्णालयासारख्या शासकीय रुग्णालयातील समुपदेशन व तपासणी केंद्राशी आधीच बोलून ठेवावे आणि सहभागीची इच्छा असल्यास एखाद्या कार्यकर्त्याने त्याच्यासोबत जावे. एचआयव्हीची औषधे शासकीय केंद्रांत २००४ पासून विनामूल्य मिळतात, आणि औषधे नियमित घेऊन रक्तातील विषाणू मोजता येणार नाहीत इतके कमी राहिले तर शरीरसंबंधांतून बाधा पुढे जात नाही, हे मुलाखतकाराला नीट सांगता आले पाहिजे. एड्सविषयक माहितीसाठी १०९७ आणि मानसिक त्रासासाठी टेलि-मानसचा १४४१६ हे क्रमांक सर्वांनाच द्यावेत, म्हणजे ते कोणाला दिले यावरून काही उघड होत नाही. आत्महत्येचा विचार बोलून दाखवल्यास मुलाखत थांबवून कोणाला फोन करायचा, हे नावानिशी लिहून ठेवावे.

माहिती जपणे आणि परत देणे

ध्वनिमुद्रण लेखी उतरवून तपासल्यावर पुसून टाकावे. पुढील भेटीसाठी फोन क्रमांक घेतले असतील तर ती यादी उत्तरांपासून वेगळ्या, सांकेतिक कुलूप असलेल्या संगणकात ठेवावी. व्हॉट्सअ‍ॅपवर तर तिचा अंशही नसावा. लिहितानाही धोका असतो. 'दांडिया बाजारात राहणारा, बँकेत नोकरी करणारा, ३४ वर्षांचा, घटस्फोटित' एवढे वर्णन पुरे होते. नाव न लिहिताही अर्धा बाजार त्याला ओळखेल. वय गटात द्यावे, पेठ वगळावी, व्यवसाय ढोबळ लिहावा, आणि तक्त्यातील एखाद्या खान्यात पाचपेक्षा कमी व्यक्ती असतील तर तो खाना शेजारच्या गटात मिसळावा.

निष्कर्ष वर्तमानपत्राकडे जाण्यापूर्वी ज्यांच्याविषयी ते आहेत त्यांच्यापुढे, त्यांनी निवडलेल्या जागी आणि भाषेत वाचून दाखवावेत. आपल्या अर्थ लावण्यावर त्यांनी आक्षेप घेतल्यास तो प्रबंधात त्यांच्या म्हणण्यासह नोंदवावा, कारण 'समलिंगींमध्ये दारूचे प्रमाण अधिक' एवढेच शीर्षक छापून आले तर त्याचे परिणाम संशोधकाला नव्हे, त्यांना भोगावे लागतात. त्यानंतर फोन क्रमांकांची यादी नष्ट करण्याचा दिवस ठरवावा, ते काम मार्गदर्शकांच्या उपस्थितीत करावे आणि केल्याचे नीतिसमितीला लेखी कळवावे.